गाडीचा उंबरा

मार्च संपत आला तरी कोत्कातले रस्ते पांढरेच,
बर्फाने नव्हे, मिठाने.
गाडीच्या पोटाखाली ते सहा महिने मुक्काम ठोकतं,
निघतोच म्हणत पुन्हा कॉफी मागणाऱ्या
पाहुण्यासारखं.

यार्कोला फोनवर सांगितलं, विकते आता.
तो म्हणाला, फोटो डावीकडूनच काढ, आई.

मी उजवीकडूनही काढले.
मागच्या चाकाच्या कमानीवर तीन फोड,
मोठा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
बॉनेटवर खडीचे टवके. मोजले नाहीत.
टपावर कुरव पक्ष्याने केलेला डाग,
ऊन तिरपं पडलं तरच दिसतो.
माझ्याही पाठीवर असं काहीतरी आहे म्हणे,
मी कधी पाहिलेलं नाही.

शनिवारी हामिनाहून बसने इडा आली.
लोकरीची टोपी, हातात विजेरी,
आणि पायमोज्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं चुंबक.
नमस्कार-चमत्कार नाही. पुठ्ठा अंथरला
आणि सरळ गाडीखाली.
स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेली,
टण्, टण्, टण्.
मी वरून तिचे बूट पाहत उभी.

बाहेर येऊन तिने मोठा फोड नखाने खरवडला.
खपली निघाली,
आत दालचिनीच्या पुडीसारखा भुगा.
"वरवरचा आहे," म्हणाली,
"चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं,
मग प्रायमर, मग रंग. एका दिवसाचं काम.
नुसता रंग फासला तर मात्र
खाली तो खातच राहतो, गुपचूप."
वडिलांकडून शिकलीस?
"नाही. तीन गाड्या सडवून."

मग चुंबक फिरवायला लागली.
दारावर चिकटलं. कमानीवर चिकटलं.
उजव्या दाराखाली, जिथे पाय उचलून आत बसायचं
तो गाडीचा उंबरा,
तिथे ते गळून पडलं.
तिने उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.
"इथे लोखंड नाही," इडा म्हणाली. "लुकण आहे.
कुणीतरी भरलंय. हात सफाईदार आहे हं."

व्हेइयो.
बावीस वर्षं मी त्या उंबऱ्यावरून आत गेले,
मांडीवर केक, मांडीवर कुत्रा,
एकदा त्याच्या आईच्या अस्थींचा कलश.
माझ्या बाजूला काहीतरी धडकलं होतं
आणि तेव्हा मी गाडीत नव्हते.
कुठे? कुणाला? खांबाला, हरणाला,
की दुसऱ्या कुणाच्या फाटकाला?
कुत्र्याचं खाणं आणायला गेला होता तो एकदा,
आणि अंधारून आल्यावर परतला,
हातांना टर्पेंटाइनचा वास.
मी विचारलं नाही. वास बरा वाटला होता.

झाकली मूठ.
सव्वा लाखाची नव्हे,
इडाने चारशे युरो कमी केले
आणि मी एक शब्द बोलले नाही.
कागदांवर सह्या झाल्या, ओट्यावर, ब्रेडच्या चुऱ्यात.
"हा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल," ती म्हणाली,
"नाहीतर तपासणीत नापास."
तिने माफी मागितल्यासारखं म्हटलं,
जणू उंबरा माझ्याच अंगाचा होता.

ती निघताना आठवलं, गॅरेजात
मशरूमच्या बरण्यांमागे रंगाची बाटली आहे,
करंगळीएवढी, वर क्रमांक त्याच्या अक्षरात.
धावत नेऊन दिली.
तिने उजेडात धरली, दारापाशी धरली, मान हलवली.
"हा निळा आता जुळणार नाही. गाडी उन्हाने फिकटलीय,
बाटली नाही."

म्हणून ती माझ्याकडेच राहिली.
रंग घट्ट झालाय, झाकणाचा ब्रश उघडत नाही.
पण आत एक छोटी गोळी असते, ढवळण्यासाठी.
हलवली की पहिल्यांदा काहीच होत नाही.
मग सुटते.